फोन वर्गात आला, पण प्रश्न कुठंय? या चुका टाळा

शिक्षण परिषदेत चहाच्या सुट्टीत हमखास कुणीतरी गाठतं. "सर, तुम्ही तंत्रस्नेही. परिसर अभ्यासासाठी एखादं चांगलं ॲप सांगा ना." मी विचारतो, मुलांना काय शोधायचंय? उत्तर येतं, "तसं काही ठरवलं नाही, पण ॲप सांगून ठेवा."

या एका संवादातून निम्म्या चुका जन्माला येतात. २०१५ साली राज्य सरकारचा प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम आला, गावोगाव लोकवर्गणी निघाली, जिल्हा परिषदेच्या शाळांत टीव्ही आले, प्रोजेक्टर आले. चांगलंच झालं. पण उपकरण आलं म्हणून ते वापरायचं आणि वापरायचं म्हणून काहीतरी दाखवायचं, ही सवय तेव्हापासून जी लागली ती जात नाही. बाहेर पाऊस कोसळतोय आणि आत खिडक्या लावून, पडदे ओढून जलचक्राचा व्हिडिओ चालू आहे, हे मी एकाहून अधिक शाळांत पाहिलंय. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षा या सरकारी ॲपवरचा व्हिडिओ दाखवणं वाईट नाही. मुलांचा तास चुकला, मुलं आजारी पडली तर ती मोठी सोय आहे. फक्त तो झाला पाहण्याचा तास. मुलांनी काही शोधलं, असं त्याच्या अहवालात लिहू नका.

माझी पद्धत साधी आहे. प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात मुलांच्याच भाषेत लिहायचा आणि आठवडाभर पुसायचा नाही. नेटवर शोधून उत्तर मिळत असेल तर तो प्रश्न बाद. "पाऊस कसा पडतो?" हा बाद. "आपल्या शाळेच्या छपरावरून एका पावसात किती पाणी वाहून जातं?" हा चालेल, कारण हे जगात कुणालाच माहीत नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, एवढं कळलं की मुलं टेप घेऊन व्हरांड्यात उतरतात. छप्पर १०० चौरस मीटरचं आणि पाऊस २० मिलिमीटर असेल, तर दोन हजार लिटर पाणी गटारात गेलं. यातलं थोडं गळतं, थोडं उडतं, ते किती यावर वर्गात भांडण होतं आणि ते व्हायलाच हवं. तंत्रज्ञान इथून पुढे लागतं. रोजचे आकडे स्प्रेडशीटमध्ये टाकायला, आणि कृषी विभागाच्या संकेतस्थळावर आपल्या महसूल मंडळाचा पाऊस बघायला. आपल्या पर्जन्यमापकात ३१ आणि मंडळाच्या आकड्यात १२ आले की लगेच "आपलं चुकलं" म्हणून खोडू नका. ओढ्याच्या अलीकडे पाऊस आणि पलीकडे धूळ, हे या मुलांनी पाहिलेलं असतं. फरक का आला, हाच पुढचा धडा.

आणि हे उत्तर कुणाला तरी हवं असलं पाहिजे. शाळा व्यवस्थापन समिती टाकी बांधायची की नाही यावर अडली असेल, तर मुलांचा आकडा तिथं न्या. आकड्याची वाट पाहणारं कुणी नसेल तर मुलं तिसऱ्या दिवशी कंटाळतात. कंटाळा मुलांचा दोष नाही.

आता माझी सगळ्यात नावडती चूक: "वही कशाला, सगळं फोनमध्ये आहे."

एका शाळेतली गोष्ट सांगतो, गावाचं नाव नको. सातवीच्या मुलांनी जानेवारीपासून गावातल्या विहिरींची पाणीपातळी मोजायला घेतली. कल्पना उत्तम. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणासुद्धा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. शिक्षक उत्साही, नवीन, आणि घाईत. दोरीला वजन बांधून टेप सोडायचा, आकडा वाचायचा, फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा. महिन्याअखेरीस सर ते बघून आलेख काढणार. एका विहिरीचे आकडे असे आले: जानेवारीत पाणी ४.२ मीटर खोलीवर, फेब्रुवारीत ४.९, मार्चमध्ये ५.६ आणि एप्रिलमध्ये ५.१.

म्हणजे भर एप्रिलात पाणी अर्धा मीटर वर आलं. आलेख रंगीत होता, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. १ मे रोजी झेंडावंदनानंतर तो शाळेच्या टीव्हीवर लागला. विहिरीचे मालक समोरच बसले होते. ते म्हणाले, "गुरुजी, आमची मोटर एप्रिलात अर्धा तास ओढत नाही. तुमच्या टीव्हीत पाणी चढलं कसं?" लोक हसले, मुलं खाली बघायला लागली.

पुढच्या आठवड्यात मला बोलावणं आलं, की ॲपमध्ये काही बिघाड आहे का ते बघा. बिघाड ॲपमध्ये नव्हता. पहिल्या तीन महिन्यांत मुलांनी टेप कठड्याच्या वरच्या कडेपासून धरला होता आणि एप्रिलमध्ये दुसऱ्या गटाने जमिनीपासून. कठडा ८० सेंटिमीटरचा. ते मिळवले की एप्रिलची पातळी ५.९, म्हणजे पाणी खालीच गेलेलं. ही एक विहीर सुटली, कारण एका मुलीला टेप कुठे धरला ते आठवत होतं. बाकीच्यांचं काय? फोटो बघावेत तर सगळे व्हॉट्सॲपवरून आलेले. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की तो दाबून लहान होतो आणि त्यातली जागेची, वेळेची नोंद निघून जाते. फाइलच्या नावात तारीख होती, पण ती फोटो आल्याची, आणि गटांनी महिन्याचे फोटो एका संध्याकाळी पाठवून मोकळं व्हायचं ठरवलेलं. वरून डोकावून काढलेल्या फोटोत सगळ्या विहिरी सारख्या दिसतात. चार महिन्यांचं काम, त्यातलं निम्मं टाकून द्यावं लागलं.

म्हणून माझ्या शाळेत चालतं ते असं. ऑइलपेंटने प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर एक लाल खूण. टेप तिथंच धरायचा, वर्षभर. वहीत रकाने: विहीर क्रमांक, तारीख, वेळ, आकडा, कुणी वाचला, मोटर चालू होती का. शेवटचा रकाना सगळे गाळतात आणि तोच महत्त्वाचा. उपसा चालू असताना मोजलं तर पाणी खाली दिसतं, म्हणून सकाळी मोटर लागायच्या आत जायचं. फोटो काढताना चौकटीत पाटी धरायची, पाटीवर विहीर क्रमांक आणि तारीख खडूने. मग फोटो कुठूनही कसाही फिरला तरी ओळख पुसत नाही. मूळ फाइल हवी असेल तर केबलने घ्या, नाहीतर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. बिनकठड्याच्या विहिरीवर जायचंच नाही. कठडा असला तरी टेप मोठ्या माणसाने सोडायचा, मुलांनी लांबून वाचायचं. यावर माझ्याशी वाद घालू नका.

वही झाल्यावर मगच फोनवरचा फॉर्म. गुगल फॉर्मला रेंज लागते आणि विहिरी रेंजमध्ये नसतात. कोबोकलेक्टसारखं साधन बिनानेट भरता येतं आणि रेंजमध्ये आल्यावर माहिती पाठवता येते. पण ज्या शाळेने एक महिना वही नीट ठेवली नाही, तिला मी ते शिकवत नाही. लोक रागावतात. रागावू देत.

आकडे विश्वासाचे झाले की गणित आपोआप येतं. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत पाणी एक मीटर उतरलं तर साधारण २८ हजार लिटर कमी झालं. एवढ्यात किती गुंठे कांदा भिजतो, हे मुलं घरी विचारून येतात. तो प्रश्न मी दिलेला नसतो.

दुसरी चूक, फोन एक आणि तो सरांच्याच हातात. सर मोजतात, सर टाइप करतात, सर दाखवतात, तीस मुलं मान वर करून बसतात. फोन एक असला तरी कामं पाच असतात: मोजणारा, लिहिणारा, फोटो काढणारा, विचारपूस करणारा, आणि शंका काढणारा. शंका काढणारा वर्गातला सगळ्यात भांडकुदळ मुलगा असावा. दर आठवड्याला कामं बदलायची, नाहीतर फोन कायम त्याच दोघांकडे राहतो, आणि ते दोघे बहुतेक वेळा मुलगेच असतात.

ओळख सांगणाऱ्या ॲपवर डोळे झाकून विश्वास. मर्लिन या पक्षी ओळखणाऱ्या ॲपने आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सुचवलं म्हणजे तो पक्षी तिथं होता असं नव्हे. कोकीळ आणि पावशा मुलांना कानाने ओळखता येतात. आधी मुलांना नाव लिहू द्या, मग ॲप उघडा. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर खातं काढायला १३ वर्षांची अट आहे, लहान मुलांसाठी खातं न लागणारं सीक हे ॲप वापरा. शाळेच्या कुंडीतल्या जास्वंदाचे चाळीस फोटो चढवून "जैवविविधता नोंदवही" भरू नका. लावलेली झाडं आयनॅचरलिस्टवर वेगळी काढली जातात. त्यापेक्षा आवारातलं एकच झाड धरा आणि दर आठवड्याला त्याची पालवी, मोहोर, फळं नोंदवा. सीझनवॉच हा देशभरचा उपक्रम याच नोंदींवर चालतो. यात थरार नाही, म्हणून घाई असलेले शिक्षक इकडे फिरकत नाहीत.

काही चुकांना एक ओळ पुरे.

फोनवरच्या आवाज मोजणाऱ्या ॲपचा आकडा घेऊन तहसीलला तक्रार करू नका. तो तपासून घेतलेला नसतो, एकाच फोनने दोन जागांची तुलना करायला ठीक.

तारीख ०३/०५ अशी टाकलीत की काही संगणक ती ५ मार्च वाचतो. महिना अक्षरात लिहा.

अहवाल कृतिदेव या जुन्या फाँटात टाइप केला की पालकांच्या फोनवर अगम्य चिन्हं उमटतात. युनिकोडात लिहा, हे अजून सांगावं लागतं.

फेट या संकेतस्थळावरची विज्ञान-गणिताची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, मराठीतही आहेत आणि उतरवून घेतली की नेटशिवाय चालतात. तपासणीच्या दिवशी वायफाय शोधत फिरू नका.

बॅटरी. आदल्या रात्री.

चॅटबॉटकडून "आमच्या गावाचा इतिहास" लिहून आणलेले प्रकल्प आता सर्रास येतात. भाषा गुळगुळीत, आणि नसलेला किल्लाही त्यात असतो. मी मुलाला रागावत नाही, "हे तुला कुणी सांगितलं?" एवढंच विचारतो आणि माणसाचं नाव मागतो. आजीने सांगितलं, सरपंचांनी सांगितलं, पारावर ऐकलं, काहीही चालेल. मग आजीचं बोलणं फोनवर ध्वनिमुद्रित करून आणायचं. दोन आज्यांच्या सांगण्यात फरक निघाला की तास रंगतो. यंत्राला विचारायचंच असेल तर आज्यांना विचारायचे प्रश्न नीट करायला विचारा.

मुलांचे चेहरे, नावं आणि शाळेचं ठिकाण असलेले फोटो ग्रुपवरून फेसबुकवर आणि तिथून कुठेही जातात. उपक्रमाचा फोटो वरिष्ठांना पाठवायचा असतो हे मान्य, पण त्यात टेप, वही, पाटी, हात दिसले तरी पुरतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितलेली आहे. जूनच्या पालकसभेतच संमतीपत्रक भरून घ्या, आणि ते मराठीत असू द्या. ज्यांचे पालक सही करणार नाहीत त्यांना गटाबाहेर बसवू नका. त्यांना वही द्या, लिहिणारा त्यांच्यातलाच करा.