बॉबिन होल्डरच्या कामात शिरणाऱ्यांसाठी: आधी ब्रेक समजून घ्या

रिंग फ्रेमच्या (सूत कातणाऱ्या मशीनच्या) क्रीलवर, म्हणजे वरच्या मांडणीवर, रोव्हिंगची (सूत होण्याआधीच्या जाड, सैल वातीची) बॉबिन टांगायचा होल्डर हातात घेतला की मेकॅनिकलचा कुठलाही मुलगा म्हणतो, यात काय आहे, आठवड्यात करून देतो. मीही तेच म्हटलं होतं. फर्मागुढीहून पदवी घेऊन कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका मोल्डिंगच्या कारखान्यात लागलो होतो, आणि पात्रांवाने (मालकाने) इचलकरंजीकडच्या एका सूतगिरणीची मागणी माझ्या टेबलावर आणून टाकली: बॉबिन कुठलीही येवो, होल्डरने आपलं आपण जुळवून घेतलं पाहिजे. औषधाच्या बाटल्यांची झाकणं काढणाऱ्या कारखान्याला हे काम घ्यायची बुद्धी का झाली, देव जाणे. हल्ली डिप्लोमाची मुलं 'या लाइनीत शिरू का' म्हणून विचारायला येतात. प्रत्येकाला तेच तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो.

सिम्प्लेक्स (रोव्हिंग बनवणारं मशीन), रोव्हिंग, ड्राफ्ट (रोव्हिंग किती पट ओढून बारीक करायची ते) यांची तोंडओळख आहे असं धरून चालतो. नसतील तर आधी कुठल्याही गिरणीत एक पूर्ण पाळी उभं राहून या. आपल्या गोव्याला सूतगिरण्यांची परंपरा नाही. पेडणे-सावंतवाडीकडची माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली, १९८२च्या संपानंतर त्यातली बरीच परत गावाला आली, एवढाच आपला गिरणीशी संबंध. म्हणजे शेजारी जाऊन मशीन बघता येत नाही. चोर्ला घाट चढायचा, बेळगाव ओलांडायचं, कागलवरून इचलकरंजी. या प्रवासाचा कंटाळा असेल तर हे काम सोडा. फोटो आणि व्हिडिओ बघून होल्डर बनवणारे मी पाहिलेत, त्यांचे होल्डरही पाहिलेत.

आता मुद्द्यावर येतो. 'आपोआप जुळवून घेणारा' असं गिऱ्हाईक म्हणतं तेव्हा पहिला प्रश्न विचारायचा: कशाशी जुळवून घेणारा? बॉबिनच्या भोकाशी? तिच्या वजनाशी? की उलगडता उलगडता बारीक होत जाणाऱ्या तिच्या अंगाशी? गिरणीचा माणूस बहुतेक वेळा भोकाबद्दल बोलतो, कारण रोजची कटकट ती असते. चार वेगवेगळ्या वेळी खरेदी केलेल्या प्लास्टिकच्या नळ्या, काही झिजलेल्या, काहींच्या कडा उडालेल्या, आणि लॉकची बोटं त्यातल्या निम्म्यांत नीट धरत नाहीत.

भोकाचं काम तसं सोपं आहे. बॉबिन वर ढकलली की बोटं बाहेर येतात, पुन्हा ढकलली की आत जातात, बॉलपेनच्या खटक्यासारखं. त्यात एवढंच सांभाळायचं की प्रत्येक बोटाला वेगळी स्प्रिंग देऊ नका. वेगळी स्प्रिंग दिली की जी नरम ती आधी दबते, बॉबिन तिरकी लटकते आणि शेजारणीला घासते. क्रीलवर दोन बॉबिनांमधली फट फार थोडी असते, रोव्हिंगचं अंग सोलून निघतं. तिन्ही बोटं एकाच कोनाने, एकाच वेळी उघडली पाहिजेत. लेथवरचा थ्री-जॉ चक ज्याने वापरलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. भोकाचं एवढं पुरे.

खरा सापळा ब्रेकमध्ये आहे. इथे मी सावकाश जाणार आहे, कारण मी त्यात अडकलो होतो, आणि माझ्यानंतर आलेले दोघेतिघे हुशार लोकही तिथेच अडकताना पाहिलेत.

जुन्या होल्डरला एक वाकवलेली तार असते. ती वरून लोंबते आणि बॉबिनच्या अंगाला नुसती टेकून राहते. दिसायला अगदी जुगाड. आपण नवीन, आपल्याला स्वच्छ डिझाइन हवं असतं. मग आपण ती तार काढून टाकतो आणि होल्डरच्या पोटात, बेअरिंगजवळ, स्प्रिंगने दाबलेली एक सुबक फायबर चकती बसवतो. स्प्रिंग बदलली की ब्रेक कमीजास्त. कागदावर सुंदर दिसतं. पात्रांव खूश, आपण खूश.

आता आकडे मांडा. समजा, भरलेली बॉबिन १५० मिलिमीटर व्यासाची आहे आणि मोकळी नळी ५० मिलिमीटरची. पोटातल्या चकतीने १०० ग्रॅम-सेंटीमीटर एवढा टॉर्क दिला. भरलेल्या बॉबिनची त्रिज्या ७.५ सेंटीमीटर, म्हणून ती फिरवायला रोव्हिंगवर १०० भागिले ७.५, म्हणजे सुमारे १३ ग्रॅम ओढ येते. बॉबिन संपत आली की त्रिज्या २.५ उरते. टॉर्क तोच, पण ओढ १०० भागिले २.५, म्हणजे ४० ग्रॅम. तिप्पट! होल्डरमध्ये काहीही बिघडलेलं नाही, स्प्रिंग इमानदारीने तेवढंच दाबतेय, आणि तरीही शेवटच्या थरांत रोव्हिंग तिप्पट जोराने ओढली जातेय. रोव्हिंगला पीळ नावापुरताच असतो. ती तुटली तर बरं, निदान दिसतं तरी. ती तुटत नाही, ताणली जाते. ताणलेली रोव्हिंग ड्राफ्टिंगमध्ये शिरते आणि सूत बारीक निघतं. काउंट (सुताच्या बारीकपणाचं माप) हलतो, यू टक्के (सुताच्या असमानपणाचं माप) वाढतो, आणि लॅबवाला सिम्प्लेक्सला शिव्या घालतो. होल्डरवर संशय कुणालाच येत नाही.

आणि ती जुगाड तार? ती बॉबिनच्या अंगावर टेकलेली असते. तिचं घर्षण पृष्ठभागावर आहे, म्हणजे ते त्याच त्रिज्येवर काम करतं जिथून रोव्हिंग सुटते. तारेचं घर्षण ८ ग्रॅम असेल तर त्याचा टॉर्क आठ गुणिले त्रिज्या, आणि ओढ म्हणजे तो टॉर्क भागिले तीच त्रिज्या. त्रिज्या कटते. बॉबिन भरलेली असो की संपत आलेली, तारेमुळे येणारी ओढ ८ ग्रॅमच. उलट तार लोंबती असल्यामुळे भरलेल्या बॉबिनवर ती जास्त तिरकी होऊन थोडी जास्त दाबते आणि बॉबिन बारीक होत गेली की सैल पडते, म्हणजे जिथे बॉबिन जड आहे तिथेच तिचा जोर. ज्या गोष्टीसाठी आपल्याला बोलावलं होतं, ती त्या तारेत आधीपासून होती. गिरणीतल्या एका म्हाताऱ्या फिटरने माझा नमुना हातात फिरवून एवढंच विचारलं होतं, "सायेब, तार काढलासा व्हय? का वो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

याचा अर्थ तारेला हात लावायचा नाही असा नाही. तारेचं टोक खरखरीत झालं की ती रोव्हिंगचे तंतू उचकटते, त्यावर फ्लाय (हवेत उडणारे तंतू) साचतो आणि त्याची गुठळी सुतात जाते. तिचा आकार, वजन, टेकण्याची जागा, टोकाचा गुळगुळीतपणा, सगळ्यात सुधारणेला भरपूर वाव आहे. फक्त ब्रेक पृष्ठभागावरून उचलून मध्यावर नेऊ नका. न्यायचाच असेल तर त्रिज्या कमी होईल तसा टॉर्कही त्याच प्रमाणात कमी होईल अशी सोय करा. त्यासाठी बॉबिनचं अंग चाचपणारा एखादा हात लागतोच. म्हणजे फिरून तारेपाशीच आलात.

एवढं वाचून घाबरू नका. हे तपासायला मोठी लॅब लागत नाही. होल्डर भिंतीवरच्या कंसाला टांगा, बॉबिन चढवा, तिच्या अंगावर दोरा गुंडाळून टोक छोट्या पुलीवरून खाली सोडा आणि टोकाला वॉशर अडकवत जा. बॉबिन हलते त्या क्षणी थांबा आणि वॉशर सोनाराच्या काट्यावर तोला. भरलेली, अर्धी, संपत आलेली अशा तिन्ही अवस्थांत हे करा. तीन आकडे जवळजवळ सारखे आले तर तुमचा होल्डर जुळवून घेतोय. चढत गेले तर तो फक्त धरून ठेवतोय. हे काम एका दुपारचं आहे, आणि सहा-सहा महिने कॅडवर घालवणाऱ्यांना मी हे करताना पाहिलेलं नाही.

याच चाचणीत बेअरिंगचंही कळतं. नवा माणूस बेअरिंग निवडताना फेरे बघतो. इथे फेरे आहेतच कुठे? फ्रंट रोलर मिनिटाला १८ मीटर सूत देत असेल आणि ड्राफ्ट ३० असेल, तर रोव्हिंग मिनिटाला ०.६ मीटर सरकते. १५० मिलिमीटरच्या बॉबिनचा घेर ०.४७ मीटर, म्हणजे मिनिटाला सव्वा फेरा. संपत आली तरी चारच्या आत. इतक्या संथ गतीला बेअरिंग जळत नाही. त्रास असतो तो जागचं हलण्याचा. धूळ शिरू नये म्हणून रबरी सीलचं टू-आरएस बेअरिंग घातलंत तर सीलचीच ओढ बॉबिनच्या भारामुळे येणाऱ्या घर्षणाच्या कितीतरी पट होते, आणि तीसुद्धा मध्यावरची, म्हणजे पुन्हा वरचाच रोग. न घासणाऱ्या पत्र्याच्या झाकणाचं झेडझेड घ्या, ग्रीस पातळ आणि थोडं ठेवा, आणि फ्लाय अडवायला बाहेरून छत्रीसारखी टोपी द्या.

ब्रेक मुळात लागतोच कशाला, हेही काही जण विचारतात. प्रश्न चांगला आहे. वरून फिरणाऱ्या ब्लोअरचा झोत मोकळ्या बॉबिनला गरागरा फिरवतो, सायडरने (फ्रेम सांभाळणाऱ्या कामगाराने) हात लावला तरी ती जास्त सुटते, रोव्हिंग लोंबते आणि शेजारच्या रोव्हिंगमध्ये गुंतते. तेवढ्यापुरताच ब्रेक हवा. त्याहून एक ग्रॅमही जास्त नको.

आता गोव्याचं खास दुखणं. नमुना जुलैत बनवलात आणि बोटं नायलॉनची केलीत तर पस्तावाल. नायलॉन ६ पाणी पितं. पूर्ण भिजलं तर वजनाच्या नऊ टक्क्यांच्या आसपास, आणि प्यायलं की फुगतं. मोल्डमधून निघालेला कोरडा भाग मापात असतो, कुंडईच्या पावसाळी हवेत चार आठवडे टेबलावर पडला की खाचेत अडकायला लागतो. गिरणीत रिंग फ्रेम खात्याची आर्द्रता साधारण ५५ ते ६० टक्के राखलेली असते, तिथे जाऊन त्याचं माप पुन्हा तिसरंच होतं. सरकत्या भागांना ॲसिटल (दुसरं एक टणक प्लास्टिक) वापरा, ते भिजूनही एक टक्क्याच्या आत राहतं. महाग पडतं, मान्य. हजार स्पिंडलच्या (चात्यांच्या) एका फ्रेमला हजार होल्डर लागतात, त्यामुळे नगामागे रुपया वाढला तरी खरेदीवाला भुवया उंचावतो. म्हणून अंगाला स्वस्त प्लास्टिक आणि फक्त बोटं-खटका ॲसिटलचा, हा मला पटलेला मध्यममार्ग. थ्रीडी प्रिंटचा नमुना हातात धरून बघायला ठीक आहे. त्यावर खटक्याच्या आयुष्याची चाचणी घेऊ नका. थरांमध्ये तो जिथे मोडतो तिथे मोल्ड केलेला भाग मोडत नाही, आणि जिथे टिकतो तिथे टिकेलच असंही नाही.

गुरूंबद्दल माझं मत थोडं कडू आहे. कॉलेजमधला मार्गदर्शक तुमचं ड्रॉइंग बघून 'छान' म्हणेल, त्याचा उपयोग शून्य. खरा गुरू गिरणीतला फिटर, आणि त्याच्याहून जास्त रात्रपाळीची सायडर बाई, जी एका हाताने बॉबिन चढवते. तुमचा खटका तिच्या मनगटाला जड जात असेल तर ती तुमच्याशी वाद घालणार नाही, होल्डर वाकवून ठेवेल. अशा माणसांना अहो-जाहो करा, चहा पाजा, आणि ती बोलत असताना वही काढू नका, ती गप्प होतात. पुस्तकी बाजू हवी असेल तर इचलकरंजीच्या डीकेटीई कॉलेजात कापड-तंत्राची माणसं आहेत, कोइमतूरची सिट्रा आणि मुंबईची बिट्रा या कापड-संशोधन संस्थांची कामं वाचण्यासारखी आहेत. टेक्स्टाइलची पदवी नाही म्हणून मागे राहू नका. वर जे गणित केलं ते बारावीचं आहे.

पेटंटचं थोडक्यात. जुनी पेटंटं आधी वाचा. २० वर्षांची मुदत संपलेल्यांत भरपूर शहाणपण फुकट पडलंय, आणि तुमची 'नवी' कल्पना तिथे सापडण्याची शक्यता दाट आहे. तरीही काही नवं उरलंच तर गिरणीला दाखवण्याआधी तात्पुरता अर्ज टाका. गोवा मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे येतो, अर्ज घरबसल्या ऑनलाइन जातो, आणि पूर्ण तपशील द्यायला त्यानंतर १२ महिने मिळतात. 'आपला माणूस आहे, दाखवायला काय हरकत' या भोळेपणाने एका गिऱ्हाइकाकडून फ्लाय अडवणाऱ्या माझ्या एका चांगल्या टोपीचं डिझाइन दुसऱ्या वर्कशॉपला गेलं. भांडून काही हाती लागलं नाही.

गिरणीत चाचणी लावाल तेव्हा अख्खी फ्रेम मागू नका, मिळणार नाही. एका बाजूचे काही स्पिंडल मागा, एक सोडून एक नवा-जुना होल्डर लावा, नव्यांवर रंगाचा ठिपका द्या. बॉबिना एकाच सिम्प्लेक्सच्या, एकाच डॉफच्या (एकाच वेळी उतरवलेल्या) घ्या, नाहीतर तुलनाच होत नाही. त्याच स्पिंडलचे कॉप (सूत भरलेल्या नळ्या) रोव्हिंगची बॉबिन भरलेली असताना आणि संपत आलेली असताना असे दोन्ही वेळा उतरवा आणि लॅबवाल्याला काउंट वेगवेगळे काढायला सांगा. सरासरीत तुमचा रोग लपतो. लॅबवाला तयार होत नसेल तर दिवाळीच्या आधी जाऊ नका, तेव्हा कुणालाच वेळ नसतो. आणि काही महिन्यांनी होल्डर परत मागवाल तेव्हा ते हवेने झाडून, पुसून पाठवू नका असं फिटरला बजावून ठेवा. फ्लाय कुठे साचलाय, तारेचं टोक कुठे घासलंय, ग्रीस कुठून बाहेर आलंय, हे सगळं त्या घाणीतच बघायचं असतं.