साते घरी करताय? आधी कोळशावर राख चढू द्या

सिंगापूरला आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा एकदा लाऊ पा सात या खाऊबाजारात जातो, संध्याकाळी गाड्यांना बंद झालेल्या शेजारच्या बून टाट स्ट्रीटवर बसून साते, म्हणजे काडीला ओवून कोळशावर भाजलेलं मसालेदार मांस, खातो आणि दुसऱ्या दिवशी म्हणतो, "यात काय एवढं? घरी करू की!" करा ना. पण त्याच त्या चुका बघून मी आता वैतागले आहे.

पहिली चूक विस्तवाची. दोन वर्षांपूर्वी ईस्ट कोस्ट पार्कात शेगडी बुक केली होती, माणसं वीस. मी काकड्या चिरत होते तेवढ्यात भाच्याने ज्वाळा दिसल्या दिसल्या साठ काड्या एका दमात मांडल्या. सातेच्या मसाल्यात साखर असते आणि मांडीच्या चिकनला चरबी. दोन्हींनी पेट घेतला. पाच मिनिटांत वरून काळंकुट्ट, आत मात्र चक्क गुलाबी. पोरं भुकेने रडकुंडीला आलेली. शेवटी सगळं मांस काड्यांवरून उतरवून घरी आणलं आणि रात्री दहाला कढईत परतलं. चव वाईट नव्हती, पण ते साते नव्हते, सुकं होतं.

ज्वाळा बसून कोळशावर पांढरी राख चढायला अर्धा तास लागतो. लागू द्या. जाळीच्या चार बोटं वर तळहात धरायचा. तीन म्हणेपर्यंत हात काढावासा वाटला की पहिल्या काड्या टाकायच्या. घाई म्हणून कोळशावर पेटवायचं तेल ओतणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांच्याकडे जेवत नाही.

काड्या तासभर भिजवा म्हणतात. भिजवा, पण उघडं टोक तरीही जळतं. इथले विक्रेते अरुंद, लांबट शेगडी वापरतात. मांस विस्तवावर आणि मूठ बाहेर. घरी मी दोन विटांमध्ये तेवढीच फट ठेवते.

छातीचं चिकन घेऊ नका, कोरडं पडतं.

गवती चहाची पानं वाटणात घालू नका. ती चहात ठीक. इथे बुडखा लागतो, खालचा पांढरा, चार बोटांचा भाग. उरलेल्या दांड्याचं टोक ठेचलं की झाला ब्रश, त्यानेच तेल लावायचं. चिकन मुरवलेला मसाला शेवटी वरून लावू नका, त्यात कच्च्या चिकनचं पाणी असतं.

आता सातेबरोबरचा दाण्यांचा सॉस. इथे मराठी हात थेट कुटाच्या डब्याकडे जातो आणि होते दाण्याची आमटी. ते कूट फार बारीक असतं, कधी महिनाभर जुनं आणि खवटही. दाणे त्याच दिवशी भाजा, सालं पाखडा आणि मिक्सर थांबवत थांबवत फिरवा. दाताखाली कणी आली पाहिजे. पीनट बटरची बाटली उघडणाऱ्यांना गोड, चिकट लगदा मिळतो. मिळू दे.

पण खरी गडबड त्याच्याही आधी होते. भिजवलेल्या सुक्या मिरच्या, छोटे कांदे, लसूण, कुलिंजन (आल्यासारखंच एक मूळ) आणि गवती चहा यांचं वाटण तेलात नीट परतायचं असतं. मलय स्वयंपाकात याला 'पचाह मिन्याक' म्हणतात, म्हणजे तेल फुटणं. आपण तेल सुटणं म्हणतो, तेच. मंद आचेवर मला पंधरा-वीस मिनिटं लागतात. आधी वाटण फसफसतं, मग आवाज बसतो, रंग गडद होतो आणि कडेने लाल तेल दिसू लागतं. त्याआधी पाणी ओतलंत की कच्च्या कांद्याचा उग्रपणा शेवटपर्यंत राहतो. मग कितीही गूळ घाला. तेल सुटल्यावरच चिंचेचा कोळ, माडाचा गूळ, मीठ, पाणी आणि सर्वांत शेवटी दाणे. तर्री आली की गॅस बंद.

फ्रिजमध्ये हा सॉस दगड होतो. फेकू नका, गरम पाणी घालून सैल करा. आमच्याकडे उरलेला सॉस सकाळी भाकरीबरोबर संपतो.