लहान मुलांसोबत शिवताय? या चुका टाळा

उन्हाळ्याच्या सुट्टीत सोलापुरात सकाळी अकरानंतर मुलांना बाहेर सोडायची सोय नसते. घरात चार-पाच पोरं जमली की मी शिवणाचा डबा काढते. पाच वर्षांच्या मुलालाही धावदोरा, म्हणजे सुई खाली-वर करत घातलेला साधा टाका, जमतो. आपल्या आज्यांच्या गोधड्या म्हणजे तरी काय, ओळीने घातलेला धावदोराच की! तरीही कितीतरी मुलं दहा मिनिटांत "मला नाही येत" म्हणून सुई खाली ठेवतात. अशा वेळी मी आधी त्यांच्या हातातलं सामान बघते. बहुतेकदा खोट तिथंच असते.

घरात पडलंय ते कापड देणं

भौगोलिक मानांकन मिळालेल्या चादरी आणि टॉवेलांच्या या गावात कुठल्याही घरात जुना तुकडा सापडतोच. तोच मुलांना द्यावासा वाटतो, पण देऊ नका. टॉवेलच्या फाशांत सुई अडकते आणि घातलेला टाका बुडून जातो. मुलाला आपलं काम दिसतच नाही, मग हुरूप कसा येणार? जकार्डची, म्हणजे विणीतच नक्षी असलेली, चादर जाड असते, त्यामुळे खालून वर येणारी सुई कुठं निघेल याचा नेम नसतो. इथं गणवेश शिवणारे कारखाने बरेच, त्यामुळे टेरिकॉटच्या चिंध्याही सहज मिळतात. पण ती वीण इतकी घट्ट की बोथट सुई आत जातच नाही. मग कुणीतरी टोकाची सुई देतं आणि पोराच्या बोटाला टोचते.

दोसुती किंवा मॅटी, म्हणजे मोकळ्या विणीचं सुती कापड घ्या. तिच्या विणीतली भोकं डोळ्यांना दिसतात. कापड आधी एकदा धुऊन घ्या, नाहीतर शिवलेली वस्तू पहिल्याच धुण्यात आटते. मात्र धुतल्यावर कापड लुळं पडतं आणि छोट्या हातात गोळा होतं. म्हणून त्याला तांदळाच्या पेजेची हलकी खळ देऊन इस्त्री करा. मागावरच्या ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, खळ का देतात हे मागवाल्या घरांत सांगावं लागत नाही. तिथं धागा तुटू नये म्हणून, इथं कापड हातात उभं राहावं म्हणून.

दोरा गुंततो

सगळ्यात जास्त रडारड याचीच. सारखं ओवावं लागू नये म्हणून आपण लांबलचक दोरा घेतो आणि तिथंच फसतो. दोरा मुलाच्या हाताइतकाच घ्या, चाळीस-पंचेचाळीस सेंटीमीटर पुरे. हात लांब केला की टाका पूर्ण ओढला गेला पाहिजे. भरतकामाच्या लडीत सहा पदर असतात, त्यातले तीन घ्या. सुई मोठ्या नाकाची, बोथट, लोकर शिवायची. सुईतून दोरा निसटत असेल तर नाकापाशीच एक बारीक गाठ मारून टाका. आठ-दहा टाक्यांनी दोऱ्याला पीळ पडतो. तेव्हा कापड वर धरून सुई खाली लोंबकळू द्या. ती गरगर फिरते, पीळ सुटतो आणि मुलांना ते बघायला भारी आवडतं.

दोरा संपेपर्यंत शिवत राहिलं तर शेवटची गाठ मारायला काही उरत नाही. टोकापासून चार बोटांवर स्केचपेनने खूण करा आणि "इथं आलं की मावशीला हाक मार" एवढंच सांगा.

टाका काठावरून वळतो

सुई खाली गेली की तिला खालूनच वर आणायचं असतं, हे पाच वर्षांच्या डोक्यात लगेच बसत नाही. मूल सुई कापडाच्या काठावरून फिरवून आणतं आणि पुन्हा वरूनच खुपसतं. बोलून हे समजत नाही. कापडावर एक लाल, एक निळा असे ठिपके काढून द्या. लाल ठिपक्यात सुई बुडी मारते, निळ्यातून डोकं वर काढते. माझ्या भाचीला अर्धा तास समजावून जे कळलं नव्हतं, ते या ठिपक्यांनी दुसऱ्या ओळीत कळलं. ती पुटपुटत होती, "बुडी... डोकं... बुडी... डोकं..."

तिनेच एकदा मांडीवर कापड घेऊन शिवता शिवता आपला फ्रॉकही त्यात शिवून टाकला. तेव्हापासून आमच्याकडे पाट किंवा टेबल समोर ठेवूनच शिवायचं. भरतकामाच्या लहान रिंगेत कापड ताणलं तर आणखी सोपं जातं.

कापडाला चुण्या पडल्या तर दोरा जास्त ओढला गेलाय. उसवायची गरज नाही, शिवण नखाने घासत पुढं सारा. तळहाताला घाम येऊन सुई सरकत असेल तर हात पुसून थोडी पावडर लावा. 

आपणच हात घालणं

टाका वाकडा दिसला की आपण कापड ओढून घेतो, उसवतो, "असं नाही, असं" म्हणतो. हे मनापासून सांगते, नका करू. वाकडा टाकाही कापड धरून ठेवतो. मदत मागितली तर शेजारी दुसऱ्या तुकड्यावर करून दाखवा, मुलाच्या तुकड्याला हात लावू नका.

पहिल्याच दिवशी नाडीचा बटवा किंवा चिंधीची बाहुली काढू नका. आधी भोकं पाडलेला पुठ्ठा आणि बुटाची नाडी, मग दोन भोकांचं मोठं कोटाचं बटण, मग दुमडून दोन बाजू शिवलेली पिशवी. सुया मोजून द्या, मोजून परत घ्या. तीन वर्षांच्या आतलं भावंड घरात असेल तर बटणांचा डबा वरच्या फळीवर.

अशी पिशवी गड्ड्याच्या यात्रेला, म्हणजे सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, होम मैदानावर सुटे पैसे न्यायला छान. मुलांचे टाके मात्र लांब पडतात आणि फटीतून नाणं निसटतं. तेव्हा त्याच ओळीवर उलट दिशेने दुसरा धावदोरा घालायला सांगा. पहिल्या टाक्यांमधल्या मोकळ्या जागा त्याने भरतात. दोरा वेगळ्या रंगाचा दिला तर किती फटी बुजल्या हे मूल स्वतःच मोजतं.