हॉल भाड्याने घेताय? सुरक्षेच्या बाबतीत या चुका टाळा

आमच्या ग्रुपचा कार्यक्रम असला की हॉलच्या बुकिंग फॉर्मवर सही बहुतेक वेळा माझीच असते. एकदा असंच, लोक येऊन बसायला लागले होते आणि मी एक टेबल आत घ्यायला बाजूच्या दाराकडे गेले, तर दाराला बाहेरून कुलूप. वर बाहेर पडण्याच्या मार्गाचा हिरवा बोर्ड आणि खाली हे कुलूप. किल्ली केअरटेकरकडे, केअरटेकर जेवायला घरी गेलेला, फोन उचलत नव्हता. आत दीडएकशे माणसं आणि जायला-यायला एकच दार. आम्ही कार्यक्रम पाऊण तास थांबवला, लोक चिडले, काहीजण उठून गेले, पण किल्ली आल्याशिवाय सुरू केला नाही. घरी आल्यावर मी तो फॉर्म पहिल्यांदा नीट वाचला, त्यात स्पष्ट लिहिलं होतं की कार्यक्रमाच्या वेळात बाहेर पडायच्या वाटा मोकळ्या ठेवणं ही हॉल घेणाऱ्याची जबाबदारी. आणि खाली सही माझी.

तेव्हापासून जे जे चुकताना पाहिलंय, आमच्याकडूनही आणि बाकीच्यांकडूनही, ते इथे लिहितेय.

"ते हॉलवाले बघतील ना"

सगळ्यात मोठी चूक हीच, बाकीच्या बऱ्याचशा यातूनच निघतात. ढोबळमानाने वाटणी अशी असते की इमारत हॉलवाल्यांची आणि कार्यक्रम तुमचा. म्हणजे भिंतीतलं वायरिंग, जिने, फायर अलार्म, आग विझवायची सिलिंडरं वेळेवर तपासून घेणं, पक्के दिवे हे सगळं त्यांनी बघायचं. पण किती माणसं आत घेतली, खुर्च्या कशा मांडल्या, कुठली वायर कुठून ओढली, डेकोरेशनला काय वापरलं, स्वयंपाक कुठे केला, लहान मुलांवर लक्ष कोणाचं, हे सगळं त्या तासांपुरतं तुमचं. तुम्ही डेकोरेटर आणि साउंडवाला बाहेरून आणलात तरी ते तुमच्या वतीने आत आलेत, त्यांनी दारासमोर स्पीकर ठेवला तर हॉलवाले तुम्हालाच विचारणार. इन्शुरन्सचंही तेच, हॉलचा इन्शुरन्स असतो म्हणून आपण निर्धास्त असतो पण तो अनेकदा इमारतीपुरता असतो, तुमच्या कार्यक्रमात कुणाला लागलं तर काय, हे सही करायच्या आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

आणि अटींचा कागद वाचा. खरंच वाचा. दोन-तीन पानं असतात, दहा मिनिटांचं काम आहे.

हॉल फक्त रिकामा बघून येणं

बुकिंगच्या वेळी आपण स्टेज बघतो, पंखे बघतो, पार्किंग बघतो आणि येतो. हे पुरेसं नाही. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी लोक यायच्या तासभर आधी एक पूर्ण चक्कर मारा, आणि प्रत्येक दार हाताने ढकलून बघा. बोर्ड आहे म्हणजे दार उघडतं असं नाही, हे मी शिकलेय. दार बाहेरच्या बाजूला उघडतं की आत, हेही बघा. घाबरलेली गर्दी दारावर येऊन रेटली की आत उघडणारं दार उघडायला जागाच राहत नाही. अमेरिकेत बॉस्टनला २८ नोव्हेंबर १९४२ ला कोकोनट ग्रोव्ह नावाच्या क्लबमध्ये आग लागली, ४९२ माणसं गेली, आणि तिथे हेच सगळं एकत्र आलं होतं: मुख्य दार गोल फिरणारं होतं ते माणसांनी जाम झालं, काही दारांना कुलपं होती, काही आतल्या बाजूला उघडणारी होती. शिवाय डेकोरेशन पटकन पेटणारं. ऐंशीहून जास्त वर्षं झाली त्याला आणि आपण अजून दाराला कुलूप लावतोय, कारण काय तर "फुकटे आत शिरतात". दारावर एक माणूस उभा करा हवं तर, पण कुलूप नको.

दारापलीकडेही जाऊन बघा. कित्येकदा दार व्यवस्थित उघडतं आणि बाहेर मोडक्या खुर्च्यांचा ढीग नाहीतर बरोब्बर दारासमोर लावलेली गाडी. बाहेर पडून मोकळ्या जागेपर्यंत चालत जाता आलं पाहिजे, तोपर्यंत ती वाट हिशोबात धरायचीच नाही.

आकडा ऐकून घेणं, पण समजून न घेणं

"हॉल तीनशेचा आहे" म्हणजे नक्की काय ते विचारा. उभे राहून तीनशे, की खुर्च्यांवर, की टेबलं मांडून? तीन वेगळे आकडे असतात हे. टेबलं आणि स्टेज आलं की जागा खूप कमी होते. आणि हा आकडा नुसता जमिनीवर किती मावतील यावर नाही ठरत, तेवढी माणसं आहे त्या दारांतून वेळेत बाहेर पडतील का हाही हिशोब त्यात असतो. त्यामुळे "अजून चार रांगा बसतील की" हे बरोबर असू शकतं आणि तरीही धोक्याचं असू शकतं, विशेषतः त्या चार रांगा मधल्या वाटेत लावल्या असतील तर.

हरियाणात डबवालीला २३ डिसेंबर १९९५ ला एका शाळेचा वार्षिक समारंभ भाड्याच्या लग्नाच्या हॉलमध्ये होता. सिंथेटिक कापडाचा मंडप, खचाखच गर्दी, बाहेर पडायला एकच वाट. आग लागल्यावर काही मिनिटांत सगळं छत पेटून खाली आलं आणि चारशेहून जास्त जीव गेले, त्यात बहुतेक मुलं आणि त्यांच्या आया. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण तो असाच, तुमच्या-माझ्यासारख्यांनी भरवलेला साधा कार्यक्रम होता.

म्हणून दारात मोजणी ठेवा. एक माणूस, हातात काउंटर नाहीतर कागदावर रेघा, आणि आकडा भरला की नम्रपणे नाही म्हणायचं. हे नाही म्हणणं फार अवघड जातं, ओळखीचे लोक असतात, पण ज्याला दारात उभं कराल त्याला आधीच सांगून ठेवा की तुझ्या पाठीशी आम्ही आहोत.

वायर, बोर्ड आणि सारखा पडणारा एमसीबी

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा सविस्तर.

एका एक्स्टेंशनमध्ये दुसरं एक्स्टेंशन लावू नका. साधं ६ अँपिअरचं सॉकेट २३० व्होल्टला साधारण १३८० वॅट झेपवतं, आणि चहाचा इलेक्ट्रिक बॉयलर किंवा हीटर एकटाच २००० वॅट किंवा जास्त खातो, म्हणजे तो त्या बोर्डावर चालवायचाच नाही, त्याला मोठं सॉकेट लागतं. चक्रीवर गुंडाळलेली लांब वायर असेल तर ती पूर्ण उलगडून वापरा, अगदी दोनच मीटर लागत असली तरी. गुंडाळलेल्या वायरीतली उष्णता बाहेर पडत नाही, आतल्या आत तापून इन्सुलेशन वितळतं, वरून हात लावला तर कोमट लागते आणि आत जळत असते.

एमसीबी, म्हणजे लोड वाढला की आपोआप वीज तोडणारा खटका, पडला तर? लोक काय करतात, परत चढवतात, परत पडला की परत चढवतात, एका ठिकाणी तर मी खटका खाली पडू नये म्हणून चिकटपट्टी लावलेली पाहिलीये. असं करू नका, प्लीज. तो पडतोय म्हणजे काहीतरी सांगतोय. त्या लाइनवरची सगळी उपकरणं काढा, एमसीबी चढवा, मग एकेक लावत जा. सगळी मिळून पडत असेल तर लोड जास्त आहे, काही दुसऱ्या लाइनवर न्या. एकच उपकरण लावल्यावर पडत असेल तर ते उपकरण खराब आहे, बाजूला ठेवा. काहीच न लावता पडत असेल तर गडबड भिंतीतल्या वायरिंगमध्ये आहे, तिथे आपण हात घालायचा नाही, हॉलवाल्यांचा इलेक्ट्रिशियन बोलवायचा.

जमिनीवरच्या वायरी शक्यतो भिंतीच्या कडेने न्या, वाटेतून न्यावीच लागली तर वर केबलचं कव्हर किंवा निदान पूर्ण लांबीभर रुंद टेप. गालिच्याखालून नेऊ नका, पायाखाली चिरडली जाते आणि तापली तरी दिसत नाही. आगीच्या बातम्या होतात पण प्रत्यक्षात कार्यक्रमात माणसं जास्त पडतात ती वायरीत पाय अडकून नाहीतर सांडलेल्या पाण्यावर घसरून. आणि म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं हाड मोडलं तर पुढचं सगळं आयुष्य बदलतं हो.

जनरेटर असेल तर तो बाहेर, दारं-खिडक्यांपासून निदान ६ मीटर लांब, धूर हॉलच्या उलट दिशेला जाईल असा. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही रंग नाही, माणसाला डोकेदुखी आणि मळमळ होते आणि वाटतं गर्दीने होतंय. एकाच वेळी बऱ्याच जणांना असं व्हायला लागलं तर कारण शोधत बसू नका, सगळ्यांना आधी मोकळ्या हवेत न्या आणि अँब्युलन्सला फोन करा.

डेकोरेशन आणि धुराची मशीन

पडदे, थर्माकोल, फोम, कागदी माळा दिव्याला चिकटवू नका, हॅलोजन फार तापतो. बंद हॉलमध्ये फटाके, ठिणग्यांचे फवारे पूर्ण बंद. इराकमध्ये अल-हमदानियाला २६ सप्टेंबर २०२३ ला लग्नाच्या हॉलमध्ये अशाच फवाऱ्यांनी छताचं डेकोरेशन पेटलं आणि शंभराहून जास्त माणसं गेली. कुणी कितीही म्हणू दे की हे थंड असतं, काही होत नाही.

धुराची मशीन लावली की स्मोक डिटेक्टर वाजतो, मग कुणीतरी शिडीवर चढून त्याला प्लास्टिकची पिशवी बांधतं आणि नंतर काढायला विसरतं. ही चूक फार कॉमन आहे. मशीन लावायचीच असेल तर हॉलवाल्यांना आधी विचारा, नाही म्हणाले तर मशीन नाही. फुगे साध्या हवेचे. हायड्रोजन भरलेले फुगे ठिणगीने पेटतात आणि हेलियमच्या सिलिंडरवर तोंड लावून आवाज बदलायचा खेळ मुलांना करू देऊ नका, दाबाने फुप्फुस फाटू शकतं.

किचन

गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही नाही, दोन्हीत ठिणगी असते. सिलिंडरचा व्हॉल्व बंद, खिडक्या उघड्या, माणसं बाहेर, फोन बाहेर जाऊन. कढईतलं तेल पेटलं तर पाणी कधीच नाही, पाणी तळाशी जाऊन क्षणात वाफ होतं आणि पेटतं तेल अंगावर उडतं. शेगडी बंद करून वर मोठं झाकण सरकवा, आणि ते जमण्यासारखं नसेल तर सोडा आणि बाहेर पडा. कुणाला भाजलं तर २० मिनिटं नळाचं थंड पाणी सोडा, बर्फ नको, टूथपेस्ट नको. शिजवलेलं अन्न एकतर ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम ठेवा नाहीतर ५ च्या खाली थंड, मधल्या तापमानात तासन्‌तास पडलेल्या अन्नात जंतू भराभर वाढतात.

"काही झालं तर बघू"

काही झाल्यावर बघायला वेळ नसतो. चार माणसं आधी ठरवा आणि त्यांना नावाने सांगा: तू फोन करायचा, तू गेटवर जाऊन अँब्युलन्स आत आणायची, तू मागच्या दाराने लोक काढायचे, तू व्हीलचेअरवरच्या माणसांबरोबर राहायचं. हॉलचा पूर्ण पत्ता आणि खूण एका कागदावर लिहून माइकजवळ चिकटवा, कारण घाबरल्यावर पत्ता आठवत नाही, आणि आपण भाड्याने घेतलेल्या जागेचा तर मुळीच नाही. प्रथमोपचाराची पेटी उघडून बघा, बरेचदा रिकामी असते. आपली एक घेऊनच जा.

कार्यक्रम सुरू होताना माइकवरून अर्धा मिनिट सांगा की दारं इथे, इथे आणि इथे आहेत, अलार्म वाजला तर बाहेर त्या मोकळ्या जागेत जमायचं. लोकांना कंटाळा येईल असं वाटतं पण येत नाही. न सांगितलं तर माणसं ज्या दाराने आत आली त्याच दाराकडे धावतात, पाठीमागे दुसरं मोकळं दार असलं तरी.

आणि अलार्म वाजला तर "खोटा असेल" म्हणून आधी तो बंद करायला कुणी धावू नका. आधी माणसं बाहेर, मग शोध. आग विझवायचं सिलिंडर तेव्हाच हातात घ्यायचं जेव्हा आग कचऱ्याच्या डब्याएवढी छोटी आहे, तुमची पाठ दाराकडे आहे आणि कुणीतरी आधीच फोन केलाय. पिन काढा, नळी आगीच्या बुडाशी धरा, दांडा दाबा, नळी डावी-उजवीकडे फिरवा. विजेची आग असेल तर पाण्याचं सिलिंडर वापरायचं नाही, म्हणून त्यावर काय लिहिलंय ते चक्कर मारतानाच वाचून ठेवा.

संपल्यावर पळ काढणं

सगळे दमलेले असतात, घाई असते, आणि खुर्च्या उचलताना, शिडीवरून माळा काढताना लोक पडतात. दमलेल्या माणसाला शिडीवर चढवू नका, माळा सकाळी काढता येतात का विचारा. गॅस, बॉयलर, प्लग सगळं बंद झालंय का ते एकाने शेवटी फिरून बघायचं, बाथरूममध्ये कुणी मूल राहिलं नाही ना तेही.

कुणाला छोटंसं जरी लागलं असेल तरी हॉलच्या रजिस्टरमध्ये लिहा: वेळ, जागा, कशामुळे, कोण हजर होतं. सैल झालेली पायरी, हलणारं रेलिंग, न पेटणारा बाहेरचा दिवा दिसला तर फोटो काढून किल्ली परत देतानाच हॉलवाल्यांना पाठवा. त्या कुलपाचा फोटो मी असाच पाठवला होता. पुढच्या वेळी गेलो तर त्या दाराला आतून ढकलायची आडवी दांडी बसवलेली होती, तरी मी ती ढकलून बघितलीच.