आजच्या रंगावर जाऊ नका: पाना-काड्यांची चित्रं करायला घेणाऱ्यांसाठी

गोंद कोणता वापरता आणि पानं कशी दाबता, हे दोन प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारले जातात. त्यांची उत्तरं तुम्हाला बहुतेक माहीत असतात. जाड पुस्तकं, वर्तमानपत्राचे कागद, दर एक-दोन दिवसांनी कागद बदलणं, आणि घाई न करणं. झालं. मला लिहायचंय ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. ती कुणी विचारत नाही, आणि माझं सगळ्यात जास्त नुकसान तिनेच केलंय. तुम्ही आज ज्या रंगावर भुलून पान उचलता, तो रंग वर्षभराने त्या पानात राहिलेला नसतो.

मी नेरुळला राहते. दिवसा अकाउंट्सची नोकरी आणि संध्याकाळी हे काम. चित्रकलेचं शिक्षण म्हणाल तर शाळेत असताना दिलेल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, तेवढंच. इथे सामान शोधायला लांब जावं लागत नाही. सोनमोहर पिवळा सडा टाकतो, गुलमोहराच्या पाकळ्या फुटपाथभर असतात, आणि थंडीत देशी बदामाची पानं अशी लाल होऊन गळतात की वाकल्याशिवाय राहवत नाही. पहिली मोठी ऑर्डर आली ती ठाण्याला, घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरमधून. हॉलच्या भिंतीसाठी तळं, काठावरची झाडं आणि मावळता सूर्य हवा होता. आकाश गुलमोहराच्या पाकळ्यांचं केलं, झाडं दाबलेल्या कडुनिंबाच्या आणि करंजाच्या पानांची, सूर्य हळदीचा. घरातली सगळी माणसं खूश झाली. पुढे दिवाळीनंतर त्या काकूंनी चित्राचा फोटो पाठवला. आकाश तपकिरी, झाडं तपकिरी, दोन्ही एकमेकांत मिसळलेली. हळदीचा सूर्य पार विटून मागच्या कागदाच्या रंगाचा झाला होता. काकूंनी फक्त एवढंच विचारलं, "ताई, याला वरून काही लावायचं राहिलं का गं?" चित्र मी स्वतःच्या खर्चाने पुन्हा करून दिलं. पण अजूनही जुन्या गिऱ्हाइकाचा मेसेज आला की तो उघडण्याआधी माझ्या पोटात गोळा येतो.

वरून लावायचं काही राहिलं नव्हतं. पानातला हिरवा रंग म्हणजे हरितद्रव्य. पान झाडावर असेपर्यंत झाड ते सतत नव्याने बनवत असतं. पान तुटलं की बनवणं थांबतं, मोडणं चालूच राहतं. पाकळ्यांमधले लाल-जांभळे रंग त्याहून नाजूक. जास्वंद तर वाळतानाच काळपट जांभळी होते. हळद सगळ्यात फसवी, पहिल्या दिवशी इतकी झगमगते की तिच्यावर विश्वास बसतो, आणि खिडकीसमोर टांगली की सगळ्यात आधी तीच उडते. "काचेच्या फ्रेममध्ये आहे, काही होत नाही" असं म्हणणारे भेटतील. साधी काच थोडे अतिनील किरण अडवते, बरेचसे आत येऊ देते, आणि रंग मोडायला नुसता लख्ख उजेडही पुरतो. व्हार्निशनेही हे थांबत नाही. व्हार्निश धूळ अडवतं, थोडी ओल अडवतं, उजेड अडवत नाही.

मग टिकतं काय? जे जमिनीतून आलंय ते टिकतं. गेरू, विटेची पूड, कोळसा, चुना, वाळू. गेरूचा तांबडा म्हणजे लोखंडाचा गंज, त्याला उन्हाने काही होत नाही. अंड्याचं पांढरं कवच टिकतं, मात्र उकळून आतला पापुद्रा काढायला हवा. गावठी अंड्याचा बदामी रंग उजेडात फिका पडतो, म्हणून तो सावलीतल्या चित्रातच वापरा. झेंडूचा केशरी इतर पाकळ्यांच्या मानाने बराच तग धरतो. केळीचं वाळलेलं सोपट, नारळाची पोय, करवंटी, लसणाची सालं, सुताराच्या रंध्याच्या ढलप्या यांचे रंग बदलतात, पण तपकिरी-पिवळसर घराण्यातच राहतात. सागाची ढलपी थोडी उजळेल किंवा गडद होईल, पांढरट लाकूड पिवळं पडेल. हे आधी माहीत असेल तर चित्र बिघडत नाही.

आता नमुन्याच्या तक्त्याबद्दल. इथे मी लांबण लावणार आहे, पण वाचा. जाड पांढऱ्या पुठ्ठ्यावर ओळी आखा. एका ओळीत एकच वस्तू, पण चिकटवताना पूर्ण आडवी पट्टी भरा. तीच वस्तू वेगळ्या गोंदाने लावणार असाल तर ती वेगळी ओळ. प्रत्येक ओळीपुढे नाव, कुठून आणली, ओली होती की वाळलेली, गोंद कोणता आणि तारीख, हे पेन्सिलीने लिहा. स्केचपेनने नको, ते स्वतःच उडतं. मग पुठ्ठ्याचा डावा अर्धा भाग काळ्या कागदाने घट्ट झाका आणि तक्ता पश्चिमेच्या खिडकीला आतून, काचेकडे तोंड करून चिकटवा. किमान चार-पाच महिने. त्यात एक पावसाळा यायलाच हवा आणि जमलं तर ऑक्टोबरचं ऊनही. मधे मधे काळा कागद उचलून बघायचा मोह होईल, तो टाळा. शेवटी कागद काढलात की प्रत्येक ओळीत डावीकडे जुना रंग आणि उजवीकडे उरलेला रंग शेजारी शेजारी दिसतो. हा उरलेला रंग घेऊनच चित्राची आखणी करायची. बदामाचं लाल पान तांब्यासारखं तपकिरी होतं ना, मग ते आजपासूनच तपकिरी समजा आणि त्याच्या शेजारी दुसरा तपकिरी ठेवू नका. डावी बाजूही नीट बघा. झाकलेला भागही बदलला असेल तर तो उजेडाचा दोष नाही, ओलीचा किंवा गोंदाचा आहे. हा तक्ता तयार होईपर्यंत ऑर्डर घेऊ नका. घ्यायचीच असेल तर फक्त माती, कोळसा, अंड्याचं कवच आणि काड्या यांतच काम करा.

हे वाचून हिरमुसला असाल तर थांबा. रंग गेला म्हणून चित्र जात नाही. इंटरमिजिएटला स्थिरचित्र करताना मास्तर डोळे बारीक करून बघायला सांगायचे, आठवतंय? उजळ कुठे, गडद कुठे, मधलं कुठे. हे तीन थर पक्के असतील तर सगळं चित्र तपकिरीकडे झुकलं तरी ते वाचता येतं. माझ्या घोडबंदरच्या चित्रात आकाश आणि झाडं फक्त रंगाने वेगळी होती, उजळ-गडदपणा दोघांचा सारखाच होता. म्हणून आता कुठलंही चित्र चिकटवण्याआधी मी मोबाईलवर त्याचा कृष्णधवल फोटो काढते. त्यात झाड दिसलं तर पुढे जाते.

वारली चित्रांची गोष्ट इथे आठवते. गेरूने सारवलेली भिंत आणि तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ, दोनच गोष्टी, आणि दोघींमध्ये उजळ-गडदाचं एवढं अंतर. लग्नाच्या वेळी भिंतीवर चौक, म्हणजे देवीचं चौकोनी चित्र, काढला जायचा. ती भिंत वर्षानुवर्षं टिकावी अशी अपेक्षाच नसायची, पुढच्या कार्याला पुन्हा सारवायची. जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणि कापडावर आणली. त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांचा डहाणूचा भाग आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. भिंतीवरची कला विकाऊ वस्तू झाली की टिकण्याचा प्रश्न येतो. आपण तर पहिल्यापासून विकायलाच करतोय.

ओल आणि किडे याबद्दल थोडक्यात, कारण यात नवल काही नाही, फक्त शिस्त लागते. आपल्याकडे पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की वाळलेली वस्तू पुन्हा ओल धरते. सोपट फुगतं, मग आकसतं, आणि गोंदापासून सुटतं. म्हणून मोठा तुकडा कधीही पूर्ण थापून चिकटवू नका, छोटे तुकडे करा. काच चित्राला टेकता कामा नये, फ्रेमवाल्याकडून मधे पट्टी घालून घ्या. फ्रेमच्या मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, भिंत आणि चित्र यांच्यात हवा खेळती राहते. बाथरूमच्या भिंतीवर आणि पावसाचा मारा येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर चित्र लावू नका, हे गिऱ्हाइकाला लिहून द्या. कडधान्यं, बिया, काड्या हे सगळं आधी पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवा, सोंडे आणि त्यांची अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडायची नाही, एक दिवस तशीच राहू द्या, नाहीतर सगळं दव वस्तूवरच बसतं. पिठाची खळ किड्यांना आवडते. पुस्तकं बांधणारे जुने बाइंडर तिच्यात मोरचूद घालत, पण ते विष आहे, घरात मुलं असतील तर त्या वाटेला जाऊ नका.

आणखी एक, हे मी अगदी स्पष्ट सांगते. येऊरच्या जंगलातून काहीही उचलू नका. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिथून वस्तू नेता येत नाहीत. "वाळलेलंच तर पान आहे" हे मला ऐकायचं नाही, त्या पानावर तिथली माती जगते. खाडीकाठचं रोहित पक्ष्याचं, म्हणजे फ्लेमिंगोचं, पीसही तसंच. 2015 पासून ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य आहे. सोसायटीचा झाडूवाला रोज पोतंभर पानं गोळा करतो, आधी त्याच्याशी ओळख करा.

गुरू कोण करावा, यावर माझं मत कुणाला आवडत नाही. दोन दिवसांच्या कार्यशाळेत तयार किट मिळतं, पानं आधीच दाबलेली, आकार आधीच कापलेले. संध्याकाळी सगळ्यांच्या हातात सारखंच मोराचं चित्र असतं आणि सगळे आनंदात असतात. त्यातून काही येत नाही. मला खरं शिकवलं ते आमच्या सेक्टरमधल्या सुताराने आणि एका म्हाताऱ्या फ्रेमवाल्या काकांनी. सुताराने लाकडाच्या रेषा कुठल्या दिशेने उजेड धरतात ते दाखवलं. काकांनी माझी सुटलेली चित्रं उघडून ती का सुटली ते दाखवलं. यांच्या दुकानात तासभर उभं राहायची लाज वाटू देऊ नका. आणि रेझिन ओतून सगळं झाकायचा जो प्रकार चाललाय, त्यापासून लांब राहा. रेझिन स्वतःच पिवळं पडतं, आणि आत किंचित ओल राहिली तर बुरशी तुमच्या डोळ्यांदेखत वाढते, काढताही येत नाही.

पहिल्या वर्षी पैसे मिळणार नाहीत. जे मिळतील ते फ्रेममध्ये जातील. "कचऱ्यातल्या वस्तूंचं चित्र, मग एवढे कसे?" असं नातेवाईकच विचारतील. त्यांना कामाचे तास सांगा, भाव कमी करू नका. नोकरी सोडू नका. पण हात जमतो, खरंच जमतो. माझी बोटं सुरुवातीला लसणाची सालसुद्धा न फाटता उचलू शकत नव्हती.

कुठून सुरू करू, असं विचाराल तर पेंढ्याने करा. एप्रिल-मे मध्ये वाशीच्या एपीएमसी फळ बाजारात हापूसच्या लाकडी पेट्या येतात, त्यात आंब्याभोवती भाताचा पेंढा असतो. आंबा काढला की तो फेकला जातो. लांब, न मोडलेल्या काड्या निवडून आणा. गाठी कापून टाका. काडी तासभर कोमट पाण्यात ठेवा, मग ब्लेडच्या टोकाने उभी चिरा आणि नखाने उलगडत न्या. आतला मऊ पांढरा गर ब्लेडच्या बोथट बाजूने खरवडा. आता तिच्यावर इस्त्री फिरवा. पटकन फिरवली तर फिकट सोनेरी, थोडी थांबवली तर मधाळ, अजून थांबवली तर गडद तपकिरी. रंग लावावा लागत नाही, सगळ्या छटा शेकण्यातून मिळतात आणि त्या पाकळ्यांसारख्या उडून जात नाहीत.

यापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे काडीला स्वतःची चमक असते आणि ती दिशेवर बदलते. एकाच छटेच्या काड्या आडव्या लावल्या की पाणी, उभ्या लावल्या की काठ, तिरक्या लावल्या की टेकडी. ठाण्याच्या मासुंदा तलावाचं छोटं चित्र मी असंच एकाच छटेत केलं. बघणारा खोलीत इकडून तिकडे गेला की पाणी उजळतं आणि काठ गडद होतो, मग उलटं होतं. पहिलं चित्र वहीच्या पानाएवढंच घ्या. पेंढा जूनच्या आत आणून, इस्त्री करून, डब्यात बंद करून ठेवा. हल्ली बराच माल पुठ्ठ्याच्या खोक्यात कागदाच्या कापांवर येतो, म्हणून लाकडी पेटीवाला गाळा कुठला ते आधी हमालांना विचारा, आणि सकाळी लवकर जा, दुपारपर्यंत पेंढा ओल्या कचऱ्यात गेलेला असतो.