पेरावं का थांबावं? बांधावर उत्तर देताना

कृषी सहायक म्हणून मराठवाड्यातल्या गावात पहिल्यांदाच जाताय? तुमची पदवी तिथं कुणी विचारत नाही. मृगाचा एखादा पाऊस झाला की पारावरचे मामा विचारतात, "साहेब, पेरावं का थांबावं?" तुमचं गावातलं वजन तिथं ठरतं.

'पुरेशी ओल झाल्यावर पेरणी करावी' हे परिपत्रकातलं उत्तर. चूक नाही, पण मामांच्या हाती काही लागत नाही. "म्हंजी किती?" असं विचारल्यावरही तुम्ही 'परिस्थितीनुसार' म्हणालात, तर पुढच्या खेपेला ते थेट कृषी केंद्रवाल्याला, म्हणजे बी-खताच्या दुकानदाराला विचारतील. तो चुकीचंही सांगेल, पण ठासून सांगेल! म्हणून आकडा द्या: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावरची नोंद गावाला लागू पडेलच असं नाही, हेही सांगा आणि खुरप्यानं उकरून ओल दाखवा. घरचं बियाणं असेल तर १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायला लावा. ७० पेक्षा कमी उगवले तर एकरी बियाणं वाढवायचं. मोजणार तेच, त्यामुळे तुमच्या शब्दावर विसंबायची वेळच येत नाही.

हवामानाचं वेगळं. तिथं 'शक्यता आहे' म्हणणं हा प्रामाणिकपणा. छातीठोकपणे पाऊस सांगणारा साहेब एका उघडिपीत उघडा पडतो.

खरी कसोटी पंचनाम्याला. तलाठी, ग्रामसेवक आणि तुम्ही चिखलात उभे, समोर पाण्यात सडलेलं सोयाबीन. "मदत मिळंल ना?" नवख्याला 'नाही' म्हणवत नाही. मग तोंडातून निघतं, "प्रस्ताव वर गेलाय, शासन सकारात्मक आहे." ऐकणारा ते 'हो' म्हणून घरी नेतो, उधारीवाल्यालाही तसंच सांगतो. त्यापेक्षा रोखठोक बोला: नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच निकषात बसतं, तुमच्या रानात मला एवढं दिसलं, एवढंच लिहिलं, पैसे कधी येतील ते मला माहीत नाही. चिडतील. चिडू द्या.

ग्रामसभेत 'कार्यवाही करण्यात येईल' म्हणायचा मोह होतो, कारण त्यात कुणी करायची ते सांगावं लागत नाही. लोकांना हे नेमकं कळतं. उत्तर ठाऊक नसेल तर "मंडळ कृषी अधिकाऱ्यांना विचारून शुक्रवारी बाजारात सांगतो" म्हणा. आणि शुक्रवारपर्यंत उत्तर आलं नाही, तरी बाजारात जाऊन तेवढं सांगून या.