एचटीएमएल शिकताना या चुका टाळा

एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानं लिहिण्याच्या भाषेत, चूक झाली तरी ब्राउझर हूं की चूं करत नाही. जमेल तसं सावरून घेतो आणि पान दाखवतो. म्हणून चूक एकीकडे असते आणि लक्षण भलतीकडेच दिसतं. समजा, कोल्हापुरातल्या चप्पल लाइनमधल्या एखाद्या दुकानाचं साधं पान करायचं आहे: वर नाव, खाली फोटो, दरांची यादी आणि नकाशाची लिंक. एवढ्यातही काय काय बिघडतं बघा. (टॅग म्हणजे टोकदार कंसातल्या सूचना. त्यांची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत, कोडमध्ये ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची.)

पहिला घोळ मराठी मजकुराचा. नाव टाइप केलं ‘कोल्हापूर’ आणि पडद्यावर भलतीच परदेशी चिन्हं उमटली, तर दोष फॉन्टचा नाही. अक्षरं बाइटच्या रूपात साठवण्याच्या पद्धतीला एन्कोडिंग म्हणतात. त्यातल्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, मात्रा, हलन्त वेगळे धरले तर ‘कोल्हापूर’मध्ये ९ चिन्हं, म्हणजे २७ बाइट. ब्राउझरला एन्कोडिंग कळलं नाही की तो एकेक बाइट वेगळं अक्षर समजून वाचतो. उपाय दोन, आणि दोन्ही हवेत: हेड टॅग उघडल्या उघडल्या मेटा कॅरसेट यूटीएफ-८ ही ओळ (ती पहिल्या १०२४ बाइटच्या आत असावी लागते) आणि फाइल सेव्ह करतानाही एन्कोडिंग यूटीएफ-८. हे करूनही इंग्रजी अक्षरांचा गिचमिड काला दिसत असेल, तर मजकूर बहुधा डीटीपीवाल्याकडच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधून आलाय. तो युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो, टॅग बदलून काही होत नाही.

कीबोर्ड मराठीवरच राहिला तर आणखी एक गंमत. फोटोची रुंदी देवनागरी आकड्यांत ३०० लिहिली, तर ब्राउझर ती सरळ सोडून देतो. तसंच वर्डमधून किंवा व्हॉट्सअॅपवरून कोड चिकटवला की सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वाकडी येऊ शकतात. दिसायला फरक नखाएवढा, पण लिंक मोडते.

नोटपॅडमध्ये फाइलच्या नावामागे गुपचूप डॉट टीएक्सटी लागतं, मग पान उघडण्याऐवजी कोडच दिसतो. सेव्ह करताना ‘ऑल फाइल्स’ निवडा.

फोटो घरच्या संगणकावर दिसतो आणि होस्टिंगवर, म्हणजे वेबसाइट ठेवायच्या सर्व्हरवर, चढवला की गायब? नाव तपासा. कॅमेऱ्याने शेवटी कॅपिटल जेपीजी दिलं असेल आणि कोडमध्ये स्मॉल असेल, तर विंडोज चालवून घेतं. होस्टिंग बहुतेक लिनक्सवर असतं, तिथे ती दोन वेगळी नावं. पत्ता सी ड्राइव्हपासून लिहिलेला असेल तर तो फक्त तुमच्याच संगणकावर सापडणार. नावं स्मॉल, इंग्रजी आणि मोकळ्या जागेविना ठेवा. आणि हो, ५ एमबीच्या फोटोला रुंदी ३०० दिली म्हणून डाउनलोड कमी होत नाही. फोटोच आधी लहान करा.

आता खुद्द टॅग. ‘कापशी चप्पल’ या शीर्षकाच्या शेवटी एच२ बंद करताना तिरकी रेघ राहिली की खालची दरांची यादीही ठळक, मोठी होते. लिंकच्या पत्त्याचं शेवटचं अवतरणचिन्ह सुटलं तर पुढच्या अवतरणचिन्हापर्यंतचा मजकूर पत्त्यातच गिळला जातो. ओळी अचानक नाहीशा झाल्या तर आधी हेच बघा. पी टॅगच्या पोटात यूएल यादी घालू नका: यादी सुरू होताच परिच्छेद आपोआप बंद होतो आणि पी ला दिलेला रंग यादीला लागत नाही. बीआर (नवी ओळ) आणि आयएमजी (फोटो) यांना बंद करणारा टॅग नसतोच.

मोबाइलवर अक्षरं मुंगीएवढी दिसली तर पान फोनच्या रुंदीत बसवायला सांगणारी मेटा व्ह्यूपोर्टची ओळ राहिली आहे. ती नसेल तर फोन पान साधारण ९८० पिक्सेल रुंद धरतो.

तपासायला वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेचा मोफत व्हॅलिडेटर (कोडमधल्या चुका शोधणारं साधन) वापरा. तो १५ चुका दाखवेल, पण फक्त पहिली दुरुस्त करून पुन्हा तपासा. एका सुटलेल्या चिन्हामुळे खालच्या कितीतरी ओळी चुकीच्या ठरतात. दुरुस्ती करूनही जुनंच पान दिसत असेल तर कंट्रोल आणि एफ५ एकत्र दाबा.